वन्संना पोचवायची गाडी

२ एप्रिल, बुधवार

गाडी घरघरते आहे. सिग्नलला उभी होते तर शेजारचा स्कूटरवाला वाकून बॉनेटकडे बघू लागला, आत एखादं जनावर बसलंय की काय अशा नजरेने. मी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने नजर वळवली. एसी चालू ठेवला तरी आवाज, बंद केला तरी आवाज. वेग वाढवला की आवाजही वाढतो. हे असते तर रेडिओ मोठा केला असता. त्यांच्या हयातीत गाडीचे सगळे आजार रेडिओनेच बरे झाले.

दुसरी बातमी. चहा पिताना वन्संनी जाहीर केलं की त्यांनी एका निवासात खोली घेतली आहे. ज्येष्ठांसाठीचं आहे, डोंगराच्या बाजूला, गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. महिनाअखेरपर्यंत ताबा घ्यायचा, नाहीतर ते ती खोली दुसऱ्याला देतील.

"टॅक्सी बघू का?" म्हणाल्या.

"टॅक्सी कशाला? घरात गाडी आहे की."

"हो ना. तेही खरंच," असं म्हणून त्यांनी कप विसळायला नेला.

ह्यांच्या या थोरल्या बहिणीला मी वन्सं म्हणते, कारण लग्नात तसं सांगितलं होतं आणि नंतर बदलायला कुणी सांगितलं नाही. हे गेले तेव्हा पंधरा दिवस सोबतीला राहते म्हणून आल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. आता जातील. चांगलं आहे. बाथरूम मला एकटीला मिळेल.

३ एप्रिल, गुरुवार

गॅरेजवाल्याकडे गेले. माणूस वाईट नाही, पण तोंड हातापेक्षा जास्त चालतं. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला.

"मावशी, एसीचा कॉम्प्रेसर गेला."

"उघडून बघितलास?"

"आवाजावरून कळतं हो."

"आवाजावरून मला आमच्या साहेबांचा घसा बसलाय एवढंच कळायचं. पट्टा काढ."

कुरकुरत त्याने पट्टा काढला. इंजिन चालू केलं. आवाज गायब. मग मी त्याला कॉम्प्रेसरची पुली हाताने फिरवायला लावली आणि स्वतःही फिरवून पाहिली. वाळू भरलेली भिंगरी फिरवावी तसं लागलं. म्हणजे कॉम्प्रेसर धडधाकट आहे, पुलीचं बेअरिंग गेलंय.

"तेच म्हणालो ना, कॉम्प्रेसर गेला," तो म्हणाला.

"तू म्हणतोस जावई मेला, आणि मेला आहे त्याचा बूट."

तो म्हणाला, नुसतं बेअरिंग आजकाल कोण बदलत बसतं? अख्खा कॉम्प्रेसर बदलायचा, गॅस भरायचा, मोकळं व्हायचं. मी म्हणाले, मी बदलते. गॅसच्या नळ्यांना हातसुद्धा लावावा लागत नाही. पुढून क्लचची प्लेट काढायची, लॉकची रिंग काढायची, पुली ओढायची, बेअरिंग बदलायचं. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं माझं. त्यानंतर पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात आयुष्य गेलं, त्यात शेवटची बरीच वर्षं मुख्य म्हणून. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, सगळा माल माझ्या सहीशिवाय आत आला नाही. केसाएवढा फरक असला तरी परत पाठवायचे. पुरवठादार मला काय म्हणायचे ते मला माहीत आहे. इथे लिहिण्यासारखं नाही.

तो म्हणाला, करा मग, पुली ओढायचा पुलर देतो. पण एक बजावून सांगितलं: हे बेअरिंग जाम झालं तर पट्टा तुटेल, आणि त्याच पट्ट्यावर बॅटरीचं चार्जिंग आणि इंजिनाचं पाणीही फिरतं. गावात चालवा, लांब नेऊ नका.

म्हणजे वन्संचं जाणं बेअरिंगवर अडलं. माझा नाइलाज आहे.

५ एप्रिल, शनिवार

पोर्चमध्ये काम सुरू केलं. जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे दिले, पुढचं उजवं चाक काढलं. आतलं प्लॅस्टिकचं पत्र्यासारखं झाकण काढलं की कॉम्प्रेसर समोर दिसतो. चटई टाकून मी आडवी झाले. या वयात आडवं होणं सोपं असतं, उठण्याचं नंतर बघू.

वन्सं स्टूल घेऊन शेजारी बसल्या. त्यांनी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात काढली. त्यांनी माझी सगळी हत्यारं पांढऱ्या टॉवेलवर लांबीप्रमाणे मांडली आणि हातात रबरी मोजे घातले.

"पाना," मी म्हणाले.

"पाना." तळहातावर खाडकन पाना. डोळे वर करावे लागले नाहीत.

"पकड."

"पकड."

"घाम."

"तुझा तू पूस. तेवढा मान डॉक्टरांना होता."

मधला नट हलेना. प्लेट धरून ठेवायला तिसरा हात हवा. वन्सं गुडघे टेकून खाली आल्या आणि आम्ही दोघी एका गाडीखाली डोक्याला डोकं लावून पडलो. शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून विचारलं, "अपघात झाला का?" वन्सं म्हणाल्या, "अजून नाही. थांबा थोडं."

नट सुटला. प्लेट निघाली. प्लेटमागच्या पातळ चकत्या वन्संनी मोजून बशीत ठेवल्या. पुढे त्या तशाच परत जायला हव्यात, नाहीतर क्लच घासतो किंवा धरतच नाही. लॉकची रिंग उडून माझ्या कपाळावर बसली. पुलर लावून पुली ओढली. जुनं बेअरिंग पुलीसकट हातात आलं तेव्हा मी इतकी खूश झाले की वन्संच्या पाठीवर थाप मारली. त्यांनीही मारली. जरा जोरातच.

उद्या नवीन आणायचं. एका दिवसाचं काम. सोमवारी निघताही येईल.

७ एप्रिल, सोमवार

बेअरिंग बसेना. नवं बेअरिंग जुन्यापेक्षा जाडीला जास्त निघालं. दुकानदाराने चुकीचं दिलं.

(दुकानदार म्हणतो, तुम्ही सांगितलेल्या मापाचं दिलं. मी म्हणाले, माप अचूक होतं. तो म्हणाला, बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून का नाही आणलात? नंबर पुसट होता. वन्संच्या शिवणाच्या टेपने मोजलं. टेप जरा ताणली गेली असेल. भांडारात माझ्याकडे व्हर्निअर होतं, त्यामुळे असे प्रसंग येत नसत. व्हर्निअर अजूनही आहे, कपाटात, वरच्या खणात. काढायचं सुचलं नाही. हल्ली उकाडा फार आहे.)

वन्सं म्हणाल्या, "राहू दे, घाई काय आहे?"

"मला घाई नाही. तुम्हालाच जायचंय."

"हो, मला जायचंय," म्हणाल्या आणि आत जाऊन टॉवेल धुवायला टाकला.

९ एप्रिल, बुधवार

मुलाचा फोन. त्याला वाटतं सत्तरीकडे झुकलेल्या बाईने गाडीखाली जाऊ नये. मी म्हणाले, मी गाडीखाली जाते, तू ऑफिसात साहेबाच्या पायाखाली जातोस, दोघांनी आपापलं बघावं.

मग म्हणाला, "आई, आत्याला राहा म्हण ना सरळ."

"सांगणारी मी कोण? त्या मोठ्या आहेत. त्यांनी विचार करून ठरवलंय. मी अडवलं तर त्यांना वाटेल, हिला सोबत हवी म्हणून धरून ठेवते."

"मग हवीच आहे ना सोबत?"

कनेक्शन खराब होतं. मी फोन ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार

बरोबर नंबरचं बेअरिंग आणलं. भिंगातून नंबर वाचला, व्हर्निअरने जाडी मोजली, दुकानदाराला दाखवून सही घ्यायची तेवढी बाकी ठेवली. घरी आणून ओट्यावर ठेवलं आणि गॅरेजवाल्याला फोन लावला, कारण पुलीत बेअरिंग दाबून बसवायला त्याचा प्रेस लागतो. हातोडीने ठोकलं तर नवं बेअरिंग तिथेच कामातून जातं.

गॅरेजवाल्याने दाबून दिलं. त्याला विचारलं, हातात नीट फिरतं ना? तो म्हणाला, जरा ओलसर लागतंय हो, पण फिरतंय. दुपारी आम्ही सगळं जोडलं. पुली, रिंग, चकत्या, प्लेट, नट, पट्टा, झाकण, चाक. वन्संनी टॉवेलवरची हत्यारं मोजली आणि "पेशंटच्या पोटात काही राहिलं नाही" असं सांगितलं. इंजिन चालू केलं. आवाज नाही.

"झालं," मी म्हणाले.

"झालं बाई एकदाचं," वन्सं म्हणाल्या.

संध्याकाळी दोघींनाही भूक नव्हती. दमलो असू.

१५ एप्रिल, मंगळवार

पुन्हा आवाज! आणि आधीच्यापेक्षा मोठा. बाजारातून येताना कुत्री मागे लागली.

चाक काढलं, पट्टा काढला, पुली फिरवली. पुन्हा वाळू. आता गॅरेजवाला म्हणेल, सांगितलं होतं. पुली काढून त्याच्याकडे नेली. त्याने बेअरिंग दाबून काढलं, बाजूचं रबरी झाकण उचकटून पाहिलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्याच खात्यातला एखादा कारकून झाल्यासारखं वाटलं.

"मावशी, ह्यात पाणी आहे. गंज धरलाय. हे नदीत पडलं होतं का?"

वन्सं माझ्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "नदीत कशाला? मी कुकरमध्ये उकळलं. तीन शिट्ट्या."

त्याने उचकटलेलं रबरी झाकण हळूच खाली ठेवलं.

"उकळलं?" तो म्हणाला.

"आत घालायची वस्तू निर्जंतुक केल्याशिवाय मी आत जाऊ दिलेली नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ही फोनवर बोलत होती तेवढ्यात उकळून, पुसून ठेवलं."

"पण ताई, आत ग्रीस असतं. उकळलं तर ग्रीसचं काय होतं?"

"आमच्या पेशंटांना कुणी ग्रीस घालत नव्हतं," वन्सं म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

परत येताना बसमध्ये मी त्यांना विचारलं, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला काय कळतं त्यातलं?" बिचाऱ्या. थिएटरातली यंत्रं त्यांनी स्वतः तेलपाणी करून सांभाळली, हे त्या नेहमी सांगतात. पण वय झालं की विसरायला होतं. मी त्यांना रागावले नाही. खरं तर राग आलाच नाही, हे विचित्र आहे. आल्यावर दोघींसाठी चहा केला आणि त्यांच्या कपात साखर जास्त पडली, तर त्या म्हणाल्या, "आज लाड चाललेत."

२१ एप्रिल, सोमवार

दुकानदाराकडे तसलं बेअरिंग संपलं होतं. मागवतो म्हणाला. मी म्हणाले, सावकाश मागवा, माल चांगला हवा. तो म्हणाला, तुमचं तोंड बघून वाटलं नव्हतं तुम्ही असं काही बोलाल.

निवासातून फोन आला होता. वन्सं ताब्याबद्दल बोलत होत्या. "हो, येणारच आहे. गाडीचं काम चाललंय. नाही, वहिनीच पोचवणार. तिला फार काळजी आहे, स्वतः गाडीखाली झोपते." मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने बोलल्या असाव्यात. कौतुक असेल तर समोर करावं माणसाने.

२५ एप्रिल, शुक्रवार

तिसरं बेअरिंग आलं. मी हातातून सोडलं नाही. वन्संनी मागितलं तेव्हा सांगितलं, "बघायचं, धरायचं नाही." त्या हसल्या. गॅरेजवाल्याने दाबलं, आम्ही जोडलं. यावेळी उठताना मला वन्संचा हात लागला आणि त्यांना उठताना माझा.

गाडी सुरू केली. आवाज नाही. एसी लावला. आवाज नाही. दोघी आतच बसून राहिलो, पोर्चमध्ये, थंडगार हवेत, कुठेही न जाता. वन्संनी पाय लांब केले. मी सीट मागे केली. किती वेळ बसलो कोण जाणे. पेट्रोल उगाच जळत होतं आणि मला ते कळत होतं.

मग मी म्हणाले, "अजून थोडा आवाज येतोय."

त्या लगेच म्हणाल्या, "मलाही येतोय. बारीक."

"बारीक म्हणजे सुरुवात."

"सुरुवातीलाच धरलेलं बरं."

२६ एप्रिल, शनिवार

गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने इंजिन चालू करून ऐकलं, लांब स्क्रूड्रायव्हर कॉम्प्रेसरला टेकवून मुठीला कान लावला, एसी चालू-बंद केला.

"कसला आवाज?"

"बारीक आहे," मी म्हणाले.

"उजवीकडून," वन्सं म्हणाल्या.

"डावीकडून," मी त्याच क्षणी म्हणाले.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मावशी, गाडी ठणठणीत आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाला न्या. माझं एकच म्हणणं आहे, माझा पुलर द्या आणि आता तुमचं तुम्ही बघा. मला दुसरी गिऱ्हाइकं आहेत."

उद्धट माणूस. पुलर पुसून दिला.

२९ एप्रिल, मंगळवार

आजचं सगळं आजच लिहून काढते, नाहीतर उद्या मला पटणार नाही.

सकाळी निघालो. वन्संच्या दोन बॅगा मागे. गाडी लोण्यासारखी चालली. इतकी शांत की काही बोलायची पंचाईत. आवाज असता तर त्याच्याबद्दल बोलता आलं असतं. चढावरही पट्टा कुरकुरला नाही. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी बॉनेट उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी. बॉनेट जरा जोरात आपटलं गेलं.

निवास दिसायला बरं आहे. मी खोली तपासली. बेसिनचा नळ गळतो. खिडकी अर्धीच उघडते. पलंगाचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घातलाय. गादी मी दाबून पाहिली, दबली ती वर आलीच नाही. भांडारात असता तर असला माल मी गेटवरूनच परत पाठवला असता. प्रत्येक वेळी वन्सं म्हणत होत्या, "चालेल. मला चालेल." माणसाला किती चालावं यालाही मर्यादा असते.

मग तिथल्या व्यवस्थापक बाईंनी आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं. बाई शांत आहेत, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनाच एक विचारतो, राग मानू नका. काहींना घरचे बळेच आणून सोडतात. इथे राहायचं कुणी ठरवलं?"

"ह्यांनीच," मी म्हणाले.

"हिने," वन्सं म्हणाल्या. एकाच वेळी.

मी त्यांच्याकडे वळले. "मी? मी कधी म्हणाले जा म्हणून?"

"म्हणायला कशाला हवं? महिनाभर गाडीखाली झोपलीस मला पोचवायला! सख्ख्या नवऱ्यासाठी कधी पंक्चर काढलं नाहीस!"

"आणि तुम्ही महिनाभर हातात पाने दिलेत!"

"मग काय करणार? तू मागत होतीस!"

"मागितलं म्हणून द्यायचं?"

"न देऊन कसं चालेल? पाना मागितला तर दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईने तो द्यावा. बेअरिंग उकळलं, तेवढंच माझ्या हातात होतं!"

म्हणजे त्यांना माहीत होतं.

"दुसऱ्याचं घर म्हणजे?" मी विचारलं.

"मग? तो होता तेव्हा भावाचं घर होतं. तंगड्या पसरून बसायचे, आवडलं नाही तर तोंडावर सांगायचे. आता घर तुझं. दोन वर्षं मी वाट बघितली, ही आज म्हणेल, उद्या म्हणेल. तू तर नुसत्या गोळ्यांच्या वेळा विचारतेस आणि दार लावलं का म्हणतेस. राहा असं मी स्वतःच स्वतःला कसं म्हणू?"

व्यवस्थापक बाईंनी दोन ग्लास पाणी पुढे सरकवलं आणि कपाटात काहीतरी शोधायला लागल्या. कपाट रिकामं होतं, मला दिसत होतं.

मी उठले. "बॅगा उचला. गाडीत बसा."

"असं नाही." वन्सं हलल्या नाहीत. "मी तुझ्या भांडारातला माल नाही, परत पाठवायला नि परत आणायला. नीट म्हण."

आयुष्यभर मी लोकांना हे करा, ते करा, सही करा, परत न्या असं सांगितलं. कुणाकडे काही मागायची वेळ आली नाही, किंवा आली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. व्यवस्थापक बाई अजून कपाटात होत्या. मी म्हणाले. जे म्हणाले ते इथे लिहिणार नाही. छोटं होतं, आणि माझा आवाज फाटला, आणि वन्सं म्हणाल्या, "ऐकू आलं नाही," म्हणून मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. थिएटरात मास्कमागून पुटपुटलेलं ऐकायचे त्यांचे कान.

निघताना व्यवस्थापक बाईंना सांगितलं, नळाचा वॉशर बदला, नाहीतर महिन्याभरात बेसिन पिवळं पडेल. निवासाची व्यवस्था मला पसंत पडली नाही, म्हणून आम्ही परतलो. मुलालाही फोनवर हेच कारण सांगितलं.

येताना वन्संनी माझं वळण घेणं, माझा ब्रेक आणि एसीचा गारवा या तिन्हींबद्दल तक्रार केली. आधी कधी करत नव्हत्या.

२ मे, शुक्रवार

वन्संनी हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. न विचारता. त्यावर आरसा टांगला, जाता-येता केस बघायला म्हणे. मी मंडईतून परत आले तेव्हा खाली गिलाव्याचा चुरा पडला होता आणि त्या माझी हातोडी टॉवेलने पुसत होत्या.

मी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, पट्टी लावून पाहिलं.

"वाकडा आहे," मी म्हणाले.

"माझं डोकं वाकडं आहे, म्हणून बरोबर दिसतं. जागचा हलवायचा नाही," वन्सं म्हणाल्या, आणि कोचावर तंगड्या पसरून पेपर उघडला.

हलवला नाही.